आधी कान, मग कॅमेरा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही फोटोग्राफर आहात. तुमच्या ओळखीत आठ-दहा वयस्कर माणसं आहेत, ज्यांनी लहानपणी किंवा ऐन तारुण्यात युद्ध पाहिलं. लढायला त्यांच्यातलं कुणीच गेलेलं नाही. कुणी कारखान्यात होतं, कुणी रातोरात घर सोडून निघालेलं, कुणी नुसती पत्राची वाट पाहत बसलेलं. त्यांची पोर्ट्रेट काढायची आहेत आणि आठवणीही रेकॉर्ड करायच्या आहेत. तर सुरुवात कुठून करायची, विचारायचं काय, त्यांना चुकीचं आठवत असलं तर काय करायचं, आणि जमलेलं टिकवायचं कसं?

मी वीसेक वर्षं हेच काम करतो आहे. सगळ्यात आधी एकच सांगतो: पहिल्या भेटीला कॅमेरा घरी ठेवून जा.

मी सुरुवातीला उलटं करायचो. नमस्कार झाला की खिडकीजवळ खुर्ची, दहा मिनिटांत फोटो, आणि मग रेकॉर्डर. वर्षभराने सगळे फोटो एका टेबलावर मांडले तेव्हा पोटात गोळा आला. माणसं चाळीस होती, पण चेहरा एकच होता. मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे कुठेतरी लांब. 'युद्ध पाहिलेला माणूस' कसा दिसावा अशी माझी जी कल्पना होती, तिला त्या सगळ्यांनी सौजन्याने साथ दिली होती. त्यांच्यातल्या एका आजी बोलायला लागल्या की खळखळून हसायच्या. भोंगा वाजला की शेजारची बाई आधी आरसा उचलायची आणि मग मूल, हे सांगताना तर त्यांना हसू आवरेना. माझ्या फोटोत त्या आजी कुठेच नव्हत्या. मी परत गेलो, पण तोवर त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हापासून क्रम बदलला. पहिली भेट नुसती गप्पांची, दुसरी रेकॉर्डिंगची, फोटो तिसऱ्या भेटीत. तोपर्यंत माणूस हात कुठे ठेवतो, कुठल्या शब्दाला थांबतो, कुणाचं नाव आलं की खिडकीबाहेर बघतो, हे आपल्याला कळलेलं असतं. फोटो त्यातून निघतो.

आवाज आणि चेहरा दोन्ही एकत्र जपायचे, असं मी म्हणतो त्याला एक जुनं उदाहरण कारण आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१८ या काळात, जर्मनीतल्या भाषातज्ज्ञांच्या एका आयोगाने युद्धकैद्यांच्या छावण्यांत जाऊन शेकडो भाषांचे आणि बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित केले. बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फच्या छावणीत हिंदुस्थानी शिपायांचेही आवाज घेतले गेले. त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. डिसेंबर १९१६ मध्ये मल्ल सिंग नावाचा एक पंजाबी शिपाई ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभा राहिला आणि स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखा बोलला. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा. तो इंग्रजांच्या नोकरीत गेला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला. त्याला घरी जायचंय. आणखी दोन वर्षं इथे राहावं लागलं तर तो मरेल. सगळं मिळून जेमतेम सव्वा मिनिट.

समोरच्या विद्वानांना त्याच्या घराशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना उच्चार हवे होते. आज शंभर वर्षांनी आपण ऐकतो ते उच्चार नव्हेत, आपण ऐकतो घरच्या ओढीने बोलणारा माणूस. पण त्याला कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. घरी कोण आहे? लोणी कोण काढायचं? ती सव्वा मिनिटं मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला ऐकवतो. माणूस सांगायला तयार होता आणि ऐकणाऱ्याला दुसरंच काही हवं होतं, असं आपल्या हातून होऊ नये.

आता विचारायचं काय, ते पाहू. 'युद्धाबद्दल सांगा' हा सगळ्यात वाईट प्रश्न. तो विचारला की माणूस शाळेच्या पुस्तकातलं किंवा टीव्हीवर पाहिलेलं सांगू लागतो. कुठल्या सैन्याने कुठली नदी ओलांडली हे कागदोपत्री आहेच, त्यासाठी त्या आजोबांना बसवून ठेवू नका. त्यांच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडेच नाही: त्या दिवशी सकाळी घरात कोण कोण होतं, दाराची कडी कोणी लावली, निघताना हातात काय घेतलं आणि काय राहून गेलं. 'काय राहून गेलं' या एका प्रश्नाने मला जितकं मिळालं तितकं बाकीच्या वीस प्रश्नांनी मिळून दिलं नाही. एका काकांनी कुत्र्याचं नाव सांगितलं आणि मग अर्धा तास ते फक्त त्याच्याबद्दल बोलत होते. त्या अर्ध्या तासात अख्खी गल्ली आली, शेजारी आले, गोळीबाराची रात्र आली.

इंद्रियांकडून आठवणीत शिरा. रात्री काळोख करायचे तेव्हा खिडकीला काय लावायचे? रांगेत किती वेळ उभं राहावं लागे, आणि रांगेत लोक काय बोलत? संचारबंदीचा आवाज कसा असे, म्हणजे सगळं थांबल्यावर ऐकू काय येई? भावना थेट विचारू नका. 'तेव्हा कसं वाटलं?' असं विचारलं की 'वाईट वाटलं' एवढंच हाती येतं. 'तेव्हा तुम्ही काय केलं?' असं विचारा, वाटलेलं त्याच्या मागोमाग येतं.

बायका बहुतेक वेळा म्हणतात, 'माझ्याकडे काय सांगण्यासारखं? यांना विचारा.' ते वाक्य खरं मानून पुढे जाऊ नका. घरातले पुरुष आसपास नसतील अशी वेळ मागून घ्या. मी हे कटाक्षाने पाळतो, कारण मुलगा किंवा नवरा शेजारी बसला की तो तारखा दुरुस्त करत राहतो आणि बोलणारी हळूहळू गप्प होते. रेशन, बाळंतपण, आजारपण, लपवलेले दागिने, कुणाच्या घरी कोण लपलं होतं, पुरुष परत आले ते कसे होऊन परत आले, युद्धाचा हा सगळा भाग बायकांच्या बोलण्यात आहे.

आणि शांतता. माणूस थांबला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ते दहा सेकंद फार जड जातात, पण सांगणारा तेव्हा काही शोधत असतो. मी माझी जुनी रेकॉर्डिंग ऐकतो तेव्हा माझाच राग येतो, इतक्या ठिकाणी मी घाईने पुढचा प्रश्न टाकून दार बंद केलं आहे.

डोळ्यांत पाणी आलं तर रेकॉर्डर बंद करू का, असं विचारा आणि ते सांगतील तसं करा. रडण्याला घाबरू नका, पण खणूही नका. दीड तासाच्या वर एक बैठक लांबवू नका. शेवटची पंधरा मिनिटं माणसाला आजच्या दिवसात परत आणण्यासाठी ठेवा: नातवंडं, बाग, गुडघेदुखी, काहीही. आठवणीच्या खोल विहिरीत माणसाला सोडून 'धन्यवाद, येतो' म्हणून निघून जाणं मला पाप वाटतं. दुसऱ्या दिवशी फोन करा. बऱ्याच जणांना त्या रात्री झोप लागलेली नसते, आणि कधी कधी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या फोनवरच येते.

चुकीचं आठवण्याबद्दल तुम्ही जी काळजी व्यक्त केली आहे, ती नवीन काम करणाऱ्या प्रत्येकाला असते, म्हणून इथे जरा थांबतो.

इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्यांचं शहर आहे. तिथे १७ मार्च १९४९ रोजी, देशाने नाटोत जाण्याच्या विरोधातल्या निदर्शनांत, लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तिथल्या कामगारांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मधला म्हणून सांगितला. त्या वर्षी कारखान्यातून मोठी कामगारकपात झाली होती आणि लोक रस्त्यावर उतरले होते. म्हणजे मृत्यू चार वर्षं पुढे सरकला आणि त्याचं कारणही बदललं. पोर्तेल्लींनी ही चूक खोडली नाही, तिच्याकडे टक लावून पाहिलं. सोबत्याचा जीव गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे त्या लोकांना सोसवत नव्हतं. म्हणून आठवणीने तो मृत्यू जिथे लढा झाला तिथे नेऊन ठेवला. तारीख चुकली, पण त्या शहराच्या मनाला काय लागलं होतं ते त्या चुकीनेच सांगितलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या, नाझींच्या ज्यूसंहारातून वाचलेल्यांच्या साक्षींच्या संग्रहातलं. तिथलं काम १९७९ मध्ये सुरू झालं. ऑशविट्झच्या छावणीत ऑक्टोबर १९४४ मध्ये कैद्यांनी उठाव केला. त्याबद्दल बोलताना एका बाईने सांगितलं की तिथल्या भट्ट्यांची चार धुराडी पेटली, उडाली. इतिहासकारांनी हरकत घेतली: चार नव्हे, एकच. साक्ष घेणारे मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब लहानपणी स्वतः त्या संहारातून वाचलेले होते. त्यांचं म्हणणं पडलं की ती बाई धुराडी मोजून दाखवत नव्हती. जिथे असं काही होणं शक्यच नव्हतं तिथे ते झालं, हे तिने पाहिलं होतं आणि तेच ती सांगत होती.

माझं मत लाउब यांच्या बाजूने आहे, पण एक पुस्ती जोडून. रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही, सांगणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्तही करायचं नाही. मात्र सोबतच्या नोंदीत कागदपत्रांवरून कळणारी तारीख किंवा आकडा वेगळा लिहून ठेवायचा. हे न केल्यास उद्या कुणी एका चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून अख्खी साक्ष खोटी म्हणेल, आणि असं म्हणणारे लोक प्रत्येक युद्धानंतर असतात. एक उपाय असाही आहे की त्याच घटनेबद्दल दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत तिथे दोघांनाही खोटं ठरवू नका, दोन्ही ठेवा.

आता तुमचा प्रांत, पोर्ट्रेट. तंत्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, म्हणून फक्त या कामापुरतं सांगतो. माणूस रोज जिथे बसतो तिथेच त्याला बसू द्या. काळा पडदा लावला की माणूस कुठलाच राहत नाही. खिडकीचा उजेड बाजूने घ्या, फ्लॅश टाळा. वयस्कर डोळ्यांना तो खुपतो, आणि ज्यांनी स्फोट पाहिलेत त्यांच्यातल्या काहींना अचानक झालेला लखलखाट अजूनही सहन होत नाही. हे मी एकदा अनुभवलं आहे आणि पुन्हा ती चूक केलेली नाही. सुरकुत्या गडद करण्याचा मोह आवरा. काळ्या-पांढऱ्यात खोल सुरकुत्या दाखवल्या की लोक वाहवा करतात, पण ती वाहवा आपल्या कसबाला असते. ज्या काकूंनी त्या दिवसासाठी खास ठेवणीतली साडी काढली, त्यांचा रंग आपण का पुसायचा?

हातांचे वेगळे फोटो घ्या. आणि जपून ठेवलेली वस्तू असेल, पत्र, किल्ली, डबा, बिल्ला, तर ती हातात घेऊन बोलतानाचा फोटो घ्या. जुना फोटो अल्बमातून काढून घरी न्यायला मागू नका, तिथेच त्याची प्रत काढा. मागची बाजूही टिपा, कारण नाव, तारीख, शिक्का तिथेच असतो. लंडनमधल्या इम्पीरियल वॉर म्युझियमची १९१७ मध्ये स्थापना झाली तेव्हा युद्धात गेलेल्यांचे फोटो लोकांकडून मागवले होते. असे हजारो चेहरे तिथे आहेत, बहुतेक स्टुडिओत काढलेले, कोट नीट केलेला. पाहताना मला नेहमी वाटतं, यांच्यातल्या एकाचा तरी आवाज असता. तुमच्या हातात दोन्ही साधनं आहेत.

काही प्रसंगांचा फोटो कुणाकडेच नसतो. तेव्हा त्यांच्या हातात कागद-पेन्सिल द्या. १९७४ मध्ये हिरोशिमात एक ७७ वर्षांचे गृहस्थ अणुबॉम्बच्या दिवशी आपण पाहिलेल्या दृश्याचं स्वतः काढलेलं चित्र घेऊन तिथल्या एनएचके वाहिनीच्या कार्यालयात गेले. वाहिनीने ते दाखवून लोकांना आवाहन केलं आणि दोन वर्षांत दोन हजारांहून जास्त चित्रं आली. काढणारे चित्रकार नव्हते. पण आग कुठल्या बाजूने आली, नदीकाठी कोण पडलं होतं, हे त्या वेड्यावाकड्या रेषांत आहे, आणि कडेला अक्षरांत लिहिलेलंही आहे. त्याच शहरात २००७ पासून मोतोमाची हायस्कूलची मुलं वाचलेल्यांसोबत बसून, पुन्हा पुन्हा विचारून, दुरुस्त करून त्यांच्या आठवणींची चित्रं रंगवतात. मी स्वतः आता प्रत्येकाला घराचा नकाशा काढायला सांगतो. दार इथे, जिना इथे, तळघर इथे. पेन्सिल जिन्यापाशी आली की माणूस वर्तमानकाळात बोलायला लागतो. त्या वेळी रेकॉर्डर चालू असू द्या.

संमतीबद्दल फार काटेकोर राहा. एकच सही घेऊन सगळं आपलं झालं असं मानू नका. रेकॉर्डिंग, फोटो, प्रदर्शन, इंटरनेट, प्रत्येकाची परवानगी वेगळी घ्या, आणि ती सुद्धा ऐकवून-दाखवून झाल्यावर. अमुक भाग काढा, अमुक नाव झाका, अमुक मी गेल्यावरच उघडा, असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. उद्या मन बदलायचाही. मात्र जे पाळता येणार नाही असं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडच्या संघर्षात सामील असलेल्यांच्या मुलाखती, तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बाहेर येणार नाही या शब्दावर, रेकॉर्ड करवल्या होत्या. २०११ मध्ये ब्रिटिश तपास यंत्रणेच्या विनंतीवरून अमेरिकी न्यायालयीन आदेश निघाले आणि काही टेप पोलिसांच्या हाती द्याव्या लागल्या. कोर्टाच्या आदेशापुढे आपला शब्द टिकत नाही. म्हणून एखादा माणूस स्वतःवर किंवा दुसऱ्यावर गुन्हा येईल असं बोलू लागला, तर मी हात वर करून थांबवतो आणि हे स्पष्ट सांगतो. मग बोलायचं की नाही ते त्याने ठरवावं.

टिकवण्याबद्दल थोडक्यात. आवाज एमपी३ मध्ये नको, वेव्ह फाईलमध्ये घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. कपड्याला लावायचा छोटा माइक घ्या, पंखा आणि फ्रीज बंद करा. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं मोठ्याने बोला, कारण फाईलचं नाव बदलतं, बोललेलं बदलत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. वर्षातून एकदा सगळ्या फाईली उघडून पाहा. माझ्या एका सहकाऱ्याची अकरा रेकॉर्डिंग एकाच हार्ड डिस्कसोबत गेली, आणि त्यांतल्या सात जणांना पुन्हा विचारणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवसापासून एखाद्या ग्रंथालयाशी किंवा अभिलेखागाराशी बोलणी सुरू करा. नाहीतर हे सगळं तुमच्याच कपाटात राहील आणि तुमच्यानंतर कुणाला पासवर्डही सापडणार नाही.

लिहून काढताना बोली सुधारू नका. 'व्हतं' म्हटलं असेल तर 'व्हतं' लिहा. प्रमाण भाषेत आणलं की माणूस कुणीतरी दुसराच होतो. १९४६ मध्ये डेव्हिड बोडर हे मानसशास्त्रज्ञ शिकागोहून तारेवर ध्वनी मुद्रित करणारं यंत्र घेऊन युरोपात गेले आणि निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी सव्वाशेच्या वर मुलाखती घेतल्या, नऊ भाषांत, ज्याला जी जवळची त्या भाषेत. इंग्रजीत उतरवतानाही त्यांनी वाक्यं गुळगुळीत केली नाहीत. अडखळणं, मध्येच भाषा बदलणं, अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं ठेवलं. युद्ध संपून वर्षच झालेलं होतं, आणि त्या अडखळण्यातच ते ऐकू येतं.

तुमच्या आठ-दहा जणांपैकी सगळ्यात वयस्कर कोण, त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. सगळी यंत्रं जमेपर्यंत थांबू नका, मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंगही चालेल. फोटोची छापील प्रत आणि आवाजाची प्रत आधी त्यांच्या घरी पोचवा, प्रदर्शनाचं मग बघू. माझ्या कपाटात एका आजोबांची दोन तासांची फाईल आहे. त्यातली वीस मिनिटं २०४१ पर्यंत बंद ठेवायची असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे. तो कागद आणि ती फाईल आता अभिलेखागारात एकाच पाकिटात आहेत. वीस मिनिटांत काय आहे असं त्यांच्या मुलीने मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तिला तारीख सांगितली.